कंबरभर यार्देन

इस्राएलमधल्या अश्दोदच्या बंदरात बेंजामिन नवगावकरने अठ्ठावीस वर्षं नोकरी केली आणि त्या अठ्ठावीस वर्षांत घोट्याच्या वर पाणी कधी लागू दिलं नाही. हे फक्त त्याच्या बायकोला, पनीनाला, ठाऊक होतं. बाकीच्यांना त्याचं बोलणं ऐकून वाटायचं की हा माणूस गोदामातल्या खोक्यांवर देखरेख करत नाही, रोज सकाळी समुद्रात उडी टाकून जहाजंच किनाऱ्याला ओढून आणतो. बोलण्यात तो कोणाला हार जात नसे. उंचापुरा, पोट सुटलेला, मिशा काळ्याभोर ठेवलेला हा गडी पाण्याला भितो, असं कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं.

तो मूळचा अलिबागजवळच्या नवगावचा. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यू लोकांची जुनी कथा अशी, की फार फार वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्याशी एक जहाज फुटलं, बरीच माणसं बुडाली, आणि सात पुरुष नि सात बाया तेवढ्या जिवंत किनाऱ्याला लागल्या. पुढचा सगळा विस्तार त्यांचाच. ही कथा घराघरांत सांगतात, पण बेंजामिन ती अशी सांगे की जणू आठवा पुरुष तोच. आपण कोण, तर बुडत्या जहाजातून पोहून निघालेल्यांची अवलाद, पाणी आपल्याला काय करणार, हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. ते त्याने लग्नांत सांगितलं, बंदरातल्या मोरोक्कन सोबत्यांना मोडक्या हिब्रूत सांगितलं, आणि ठाण्याला राहिलेल्या धाकट्या बहिणीला तीस वर्षं पत्रांतून लिहिलं.

खरी गोष्ट वेगळी होती. नवगावला कोळ्यांची पोरं खाडीत सूर मारायची तेव्हा बेंजामिन काठावर बसून त्यांचे कपडे राखायचा. अकरा वर्षांचा असताना एकदा कोणीतरी मागून ढकललं. तो तळाला जाऊन आला, नाकातोंडात खारं पाणी गेलं, आणि एका कोळ्याने केसांना धरून त्याला बाहेर काढलं. काठावर त्याची पाच वर्षांची बहीण योखेवेद उभी होती. घरी सांगशील तर बघ, असा दम त्याने तिला तिथेच भरला. तिने सांगितलं नाही. पुढे त्याने गृहीत धरलं की पाच वर्षांच्या पोरीच्या काय लक्षात राहणार. एकदा हे धरून चालल्यावर मग बढायांना बांध राहिला नाही.

एकोणीसशे नव्याण्णवच्या ऑगस्टमध्ये योखेवेद, तिचा नवरा हाइम आणि मुलगी एदना तीन आठवड्यांसाठी अश्दोदला आली. तिघंही जन्मात पहिल्यांदा विमानात बसली होती. हाइम ठाण्याच्या पालिकेत पाणीपट्टीच्या खात्यातून नुकताच निवृत्त झालेला, काडीसारखा बारीक, जाड भिंगांचा चष्मा लावणारा सरळमार्गी माणूस. एदना चोवीस वर्षांची, कॉम्प्युटर शिकलेली. योखेवेद मात्र तशीच होती. बुटकी, गोल, कमी बोलणारी, ऐकताना समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघणारी.

बेंजामिनच्या मनात एकच गोष्ट होती. त्याच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक रिकामा होता. बहिणीने आता ठाणं सोडावं आणि इकडे कायमचं यावं. आईवडील गेले, भाऊ उरला नाही, रक्ताचं म्हणावं असं एवढंच माणूस. लग्नात, आजारपणात, सणाला तिला फोनवर ऐकायचा त्याला कंटाळा आला होता. तो ओढून ओढून विषय काढी. हाइम म्हणे, साठीला आल्यावर नवी भाषा, नवं गाव, कोणाच्या जिवावर यायचं? बेंजामिन छातीवर हात मारून सांगे, माझ्या. योखेवेद त्याच्या तोंडाकडे बघत राही आणि चहाचा कप उचलून आत जाई.

मुलगा ओमेर बापाला चांगला ओळखून होता, पण पोहण्याचं मात्र त्यालाही खरंच वाटायचं. त्यानेच टूम काढली की पाहुण्यांना उत्तरेत नेऊन यार्देन, म्हणजे जॉर्डन नदीत रबरी होड्यांतून फिरवावं. एदना टाळ्या वाजवायचीच बाकी राहिली. हाइम म्हणाला, पस्तीस वर्षं लोकांकडून पाण्याचे पैसे घेतले, नदी कधी जवळून बघितली नाही, बघू तरी. मग सगळ्यांनी बेंजामिनकडे बघितलं. नाही कसं म्हणणार? तो बोलून गेला, की यार्देन म्हणजे काय, नवगावच्या खाडीपुढे गटार. पनीना भांडी घासत होती, तिच्या हातातला डाव खाली पडला.

मंगळवारी पहाटेच ओमेरच्या व्हॅनमधून निघाले. सोबत चपात्या, बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं आणि कलिंगड. किर्यात श्मोना हे गाव मागे टाकून होड्यांच्या जागी पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. तिथे दोन वाटा होत्या. एक सोपी, तिच्या रांगेत आज्या आणि अंगावरची बाळं. दुसरी जरा धावत्या पाण्याची, मध्ये दोनतीन लहान उतार असलेली. खिडकीतल्या मुलीने विचारलं, कोणती? ओमेर सोपीचंच नाव घेत होता. बेंजामिनने त्याला गप्प केलं. मुलीने कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं की सगळ्यांना पोहता येतं याची जबाबदारी सही करणाऱ्याची. बेंजामिनने सहा नावं घातली आणि झोकदार सही ठोकली.

लाइफ जॅकेट सगळ्यांना मिळाली. बेंजामिनच्या पोटावर त्याच्या जॅकेटचा पट्टा बसेना. मोठं माप शोधून देते, असं ती मुलगी म्हणत होती, पण मागे रांग लागलेली आणि रांगेत सगळी पोरंसोरं. तो हसून बोलला की ज्याला पोहता येतं त्याला ह्या अंगरख्याची गरज काय, आणि होडीत बसताना त्याने ते जॅकेट घडी करून बुडाखाली घेतलं. गादी छान झाली.

पहिल्या होडीत ओमेर, एदना आणि पनीना. दुसऱ्या होडीत पुढे हाइम, मध्ये योखेवेद, मागे वल्हं घेऊन बेंजामिन. सुरुवातीला झालं ते खरोखर सुखाचं होतं. दोन्ही काठांवर निलगिरी आणि वेतासारखी उंच गवतं, अंगावर गार शिंतोडे, पुढच्या होडीतून एदनाचं हसणं. हाइम पाण्यात बोटं घालून लहान पोरासारखा बघत होता. योखेवेदने पंजाबी ड्रेसच्या बाह्या वर केल्या आणि बोलली, "भाऊ, खरंच बरं वाटतं रे." बेंजामिनला तेव्हा वाटलं की ब्लॉकचं काम झालं. त्याने लगेच जहाज फुटल्याची कथा लावली. सात पुरुष, सात बाया. नदी पुढे वळत होती तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

वळणावर पाणी एका उताराने खाली जात होतं. उतार असेल हातभर. पुढची होडी सरळ उतरली. बेंजामिनने वल्हं उलट्या बाजूने मारलं, होडी आडवी झाली, काठावरच्या झाडाच्या लोंबत्या फांदीला अडकली आणि सावकाश, अगदी माणसाला विचार करायला वेळ मिळावा इतक्या सावकाश, कलंडली.

विचार काही झाला नाही. डोक्यावरून पाणी गेलं आणि बेंजामिन अकरा वर्षांचा झाला. नाकात तोच जळजळाट, कानात तोच आवाज. त्याच्या हाताला काहीतरी जाड, फुगीर लागलं. ते योखेवेदच्या अंगावरचं जॅकेट होतं. त्याने ते दोन्ही हातांनी धरलं, खाली दाबलं आणि त्यावर चढला. जॅकेटमुळे ती वर येऊ बघत होती आणि ह्याच्या नव्वद किलोंखाली परत आत जात होती. आपल्या खाली आपली बहीण आहे हे त्याला कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं. पण त्याला कळलं होतं. तिची वेणी त्याच्या मुठीत होती. एक क्षण तिचा चेहरा पाण्यावर आला, डोळे सताड उघडे, आणि त्या चेहऱ्याकडे बघत असतानाच त्याने तिच्या खांद्यावर पाय रोवला, जोर दिला आणि फांदी गाठली.

फांदीला लोंबकळत त्याने खाली बघितलं. हाइम दोन हातांच्या अंतरावर उभा होता. पाणी त्याच्या कमरेला लागत होतं.

योखेवेद बेंजामिनच्या पायाशी वर आली, त्याच्या विजारीला धरून खोकायला लागली. मग तीही उभी राहिली. तिच्या छातीच्या जरा खाली पाणी होतं. सगळी यार्देन तिथे कंबरभर होती. नुसते पाय टेकवायचे होते.

हाइमचा चष्मा वाहून गेला होता. त्याला दोन हातांपलीकडलं म्हणजे रंगांचे डाग. त्याला दिसलं ते एवढंच, की बेंजामिन वर एका हाताने फांदी धरून आहे आणि त्याच्या अंगाला धरून योखेवेद पाण्याच्या वर आहे. त्या भल्या माणसाने दोन्ही हात वर केले आणि नदीभर ऐकू जाईल असा ओरडला, "बेनीभाऊने वाचवलं हिला!" पुढे उतरलेली होडी ओमेरने थांबवली होती. एदना पाण्यातून धावत आली आणि रडत मामाच्या पायालाच मिठी मारून बसली. ओमेरने बापाला फांदीवरून उतरवून घेतलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "कोल हकावोद, अब्बा." शाबास, बाबा.

त्याच क्षणी बोलायचं होतं. बेंजामिनच्या जिभेवर शब्द आलेही. पण एदना रडत होती, ओमेर कौतुकाने बघत होता, आणि योखेवेद खोकत खोकत काहीच बोलत नव्हती. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही, केसांतलं पाणी पिळत राहिली. तिला कळलं नाही, असं बेंजामिनला वाटलं. पाण्याखाली कोणाला काय कळतं. तो नुसता हसला आणि म्हणाला की त्यात काय एवढं. मग त्याची नजर पनीनावर गेली. ती होडीत उलट्या तोंडाने, त्यांच्याकडे बघत बसलेली होती, उताराच्या आधीपासून. तिने सगळं बघितलं होतं. तिने मान वळवली आणि वाहत आलेलं त्याचं जॅकेट, जे तो बुडाखाली घेऊन बसला होता, ते उचलून होडीत ठेवलं.

खोटं एकदा बाहेर पडलं की त्याला पाय फुटतात. ह्याला तर चाकं फुटली. परतीच्या वाटेवर पेट्रोलपंपावर थांबले तोवर पाणी दीड पुरुष झालं होतं. घरी पोचेपर्यंत भोवराही आला. भोवरा हाइमने घातला, आणि तो बिचारा खोटं बोलत नव्हता, त्याला दिसलंच तसं होतं. शेजारची त्सिला केक घेऊन आली. शबातला, म्हणजे शनिवारी, सिनेगॉगमध्ये लोकांनी बेंजामिनला तोरा हा धर्मग्रंथ वाचायच्या मानाला बोलावलं, आणि हज्जानने, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थाने, त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. बेंजामिनला वाटलं आपल्या डोक्याला त्यांचा हात भाजतोय. आयुष्यभर ज्या कौतुकासाठी त्याने तोंडाची वाफ घालवली ते सगळं एकरकमी मिळत होतं आणि त्यातला एक घास गिळवत नव्हता.

घरी येऊन हाइमने तर कळसच केला. तो बायकोला सर्वांसमोर म्हणाला की आता माझी काही शंका उरली नाही. ज्या गावात असा भाऊ आहे तिथे म्हातारपण काढायला हरकत नाही. ठाण्याला जातो, घर विकायला काढतो, पुढल्या वर्षी येतो. "कोणाच्या जिवावर, असं मी विचारत होतो ना? मिळालं उत्तर." योखेवेद ताटं मांडत होती. ती एवढंच बोलली की मी नवस बोललेय, एलियाहू हन्नबीचा, तो आधी फेडायचा. रविवारी संध्याकाळी इथेच मलिदा करू.

बेने इस्राएल माणूस संकटात कोणाचं नाव घेतो, तर एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं. नबीचा नवस फेडायचा म्हणजे मलिदा, भिजवलेल्या पोह्यांत गूळ, खोबरं, वेलची, बदाम, आणि वर पाच फळं. तो खोट्या कारणाने करत नाहीत. मुंबईत काय आणि अश्दोदमध्ये काय, अडाण्यातल्या अडाण्यालाही हे ठाऊक असतं.

शबात संपल्यावर बेंजामिन स्वयंपाकघरात गेला. पनीना खोबरं किसत होती. त्याने विचारलं की मी काय करू. ती खाली मान घालून किसतच राहिली. मग बोलली, "तिच्या खांद्यावर काळंनिळं पडलंय. टाचेएवढं. मी रोज बाम चोळते. ती बोलते, होडीचं कडं लागलं असेल." खोबऱ्याची वाटी खाली ठेवून म्हणाली, "अहो, ती घर विकतेय."

दुसऱ्या दिवशी दिवसभर तो गॅलरीत बसून होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि त्यात गंमत अशी की डोळ्यांपुढून ती जुनी कथाच जात नव्हती. सात पुरुष आणि सात बाया किनाऱ्याला लागल्या. बाकीच्यांना पुरलं. त्या सातांतला कोण कोणाच्या खांद्यावर पाय देऊन वर आला, हे दोन हजार वर्षांत कोणी विचारलं नाही. सगळे म्हणाले, पोहून आले. तोही तेच म्हणत आला होता. त्याने स्वतःला बजावलं की गप्प बसलो तर बहीण इथे येईल, खालच्या मजल्यावर राहील, सणाला एकत्र जेवू. बोललो तर ती बुधवारी विमानात बसेल आणि पुन्हा फोनसुद्धा करणार नाही. आणि लगेच त्याला स्वतःचीच किळस आली, कारण हा हिशेबही तिच्याच खांद्यावर पाय देऊन चालला होता.

रविवारी संध्याकाळी वीसएक माणसं जमली. पांढऱ्या चादरीवर मोठं ताट, त्यात पोह्यांचा ढीग, भोवती खजूर, केळी, सफरचंद, डाळिंबं, द्राक्षं. सब्जाची पानं पनीनाने कुंडीतून खुडून आणली होती. हज्जान मूळचे पनवेलचे, ऐंशीच्या घरातले, तरणे होते तेव्हापासून लोकांचे नवस फेडून देणारे. त्यांनी नबीचं नाव घेतलं, जुनी माणसं तालात गायली, पोरं हिब्रूत कुजबुजत राहिली. मग रिवाजाप्रमाणे हज्जानने ज्याचा नवस त्याला विचारलं, "बाई, नवस कशापायी बोललात?"

योखेवेदने डोक्यावरची ओढणी सारखी केली. तिने तोंड उघडायच्या आत बेंजामिन उभा राहिला.

"थांबा," तो म्हणाला. "हा नवस खोटा होईल."

हाइमने नवा चष्मा वर सरकवून बघितलं. बेंजामिनने सांगितलं. मला पोहता येत नाही, कधीच येत नव्हतं, इथपासून सुरुवात केली. सही सांगितली. बुडाखालचं जॅकेट सांगितलं. पाणी कंबरभर होतं हे सांगितलं, तेव्हा मागे कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मग मुख्य गोष्ट उरली. ती सांगताना त्याला बहिणीकडे बघवेना, म्हणून तो ताटातल्या केळ्यांकडे बघत बोलला.

"मी हिला वाचवलं नाय. मी हिला बुडवत होतो. हिच्या खांद्यावर पाय देऊन वर चढलो. ही आहे ते मला दिसत होतं."

ओमेर भिंतीला टेकून उभा होता, त्याने बापावरची नजर काढून घेतली. एदनाला लहानपणापासूनचं मराठी, तिला शब्दन् शब्द कळला. हाइमचा चेहरा पांढरा पडला. त्याने काय बघितलं होतं आणि काय घडलं होतं, ते आता त्याच्या डोळ्यांपुढे जुळत असावं. पनीना दारात उभी राहून रडत होती. बेंजामिनला वाटलं होतं की सांगून टाकलं की छाती हलकी होईल. काहीही हलकं झालं नाही. उलट आता ते वीस माणसांना ठाऊक होतं.

हज्जानने दाढीवरून हात फिरवला. ते योखेवेदकडे वळले. नवस तुमचा आहे बाई, ते म्हणाले, तेव्हा तुम्हीच सांगा, तुम्ही कधी बोललात आणि काय बोललात. खोटा असेल तर हे ताट आपण असंच उचलू.

योखेवेद त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, बाजारातल्या भाजीबद्दल सांगावं तसा.

"पाण्याखाली बोलले," ती म्हणाली. "पाय खांद्यावर होता तेव्हाच. पाय कोणाचा ते मला समजलं होतं, हज्जानसाहेब. मी बोलले, एलियाहू हन्नबी, भाऊला पोहता येत नाय. नवगावला बुडता बुडता राहिलाय तो, मी उभी होते. माझं काय व्हायचं ते होवो, त्याला वर काढ, मी मलिदा करीन. तो वर आला. मग ह्यात खोटं काय?"

हज्जानने मान हलवली आणि पुढचे आशीर्वाद सुरू केले, फळामागून फळ, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. रिवाज असा, की ज्याच्या जिवासाठी नवस त्याला पहिला वाटा. ताट सगळ्यांच्या आधी बेंजामिनपुढे आलं.

त्याला वाटत होतं की जमीन दुभंगावी. त्या नदीत फांदीला लोंबकळत असताना, शबातला कौतुक झेलताना, आत्ता सगळ्यांसमोर बोलताना त्याला लाज वाटली होती, पण ती सगळी पोरखेळ होती. खरी लाज ही आता आली. तो जिला तुडवत होता ती त्याच्या पायाखालून त्याच्यासाठी मागत होती. आणि गेले पाच दिवस तो तिला कळू नये म्हणून धडपडत होता.

योखेवेदने पोह्यांची मूठ त्याच्या हातावर ठेवली. हात पुढे करताना तिची ओढणी सरकली आणि गळ्यापाशी डाग दिसला. काळंनिळं जाऊन आता पिवळं पडायला लागलं होतं. त्याने डोळे मिटून घेतले.

"मग तू आता यायची नायस," तो खालच्या आवाजात बोलला. त्याने विचारलं नव्हतं, मानूनच चालला होता.

"यायला तर लागेलच," योखेवेद म्हणाली. "तुला एकट्याला इथे कोण सांभाळेल?" आणि त्याच्या मुठीकडे बोट करून बोलली, "खा. लोक थांबलेत."

बेंजामिनने घास तोंडात घातला. त्याच्यानंतर ताट हाइमकडे गेलं. हाइमने आपला वाटा घेतला, पण त्याच्याकडे बघितलं नाही.